टॉवेलाखाली तुटलेला इन्कम टॅक्स

समोरच्या माणसाने खांद्यावरचा टॉवेल हातावर ओढला, की मला दौंडकडचं ते प्रकरण आठवतं आणि निवृत्तीनंतरही हसू आवरत नाही. तेव्हा मी तिथल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो.

खबर आली ती पेढ्यांसोबत. सकाळची हजेरी चालू असताना आमच्या हवालदारांनी पुडा टेबलावर ठेवला. भांडगावजवळ हायवेवर धाबा चालवणाऱ्या आप्पांनी पेढे वाटले होते. आप्पांनी एमआयडीसीलगतची जमीन विकली होती, तिच्यावरचा इन्कम टॅक्स भरला नव्हता आणि आता धाब्यावर जप्ती यायची वेळ आली होती. तो सगळा कर त्यांनी म्हणे रुपयाला चाळीस पैसे देऊन मिटवला. सरकार कधीमधी व्याज-दंड माफ करायची योजना काढतं, हे मला ठाऊक होतं. पण मूळ करातच एवढी सूट, तीही धाब्याच्या मागच्या खोलीत रोख घेऊन? माझा पेढा हातातच राहिला.

आप्पांना बोलावलं. ते हसतच आले. पांढऱ्या गाडीतून आलेला वसुली अधिकारी किती कडक होता, दोनदा कसा उठून गेला आणि आपण त्याला कसा खाली आणला, हे त्यांनी रंगवून सांगितलं. पावतीचं विचारलं तर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मी त्यांच्यासमोरच कर कार्यालयात फोन लावला. थकबाकी होती तशीच होती, असा कोणी अधिकारी नव्हता आणि जप्तीची कारवाई सुरू व्हायच्या बेतात होती. आप्पांचा चेहरा पडला. मला खरंच वाईट वाटलं, कारण त्या धाब्यावर त्यांच्या दोन मुलांचे संसार चालत होते.

तरी ते फिर्याद द्यायला तयार होईनात. "सोसायटीची निवडणूक तोंडावर हाय सायेब. आप्पा फसला असं गावात झालं, तर मला मत कोण देनार?"

फसवणुकीच्या गुन्ह्यात ही नेहमीची अडचण. चोरी झालेला माणूस ठाण्यात धावत येतो, फसलेला घरात बसून राहतो. मी परोपरीने समजावलं. तेवढ्यात हवालदारांनी बातमी आणली, की दौंडमधल्या एका सिमेंटच्या दुकानदारालाही याच माणसाने गंडवलंय. एकट्याचीच फजिती झाली नाही हे ऐकून धीर येईल, म्हणून मी ते आप्पांना सांगितलं.

"त्याचा सौदा कितीत तुटला?" आप्पांनी विचारलं.

"रुपयाला तीस पैसे."

आप्पा उभेच राहिले. "मला चाळीस आन् त्याला तीस? लिव्हा सायेब फिर्याद."

जबाब घेताना मी भाव कसा ठरला ते विचारलं. आप्पांनी टॉवेल हातावर टाकून दाखवला. बैलबाजारात दलाल कापडाखाली समोरच्याची बोटं दाबून भाव सांगतो, म्हणजे बघ्यांना आकडा कळत नाही. या अधिकाऱ्यानेही तसाच सौदा केला होता. आप्पांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट साहेब असून आपली रीत जाणतो याचं कौतुकच वाटलं होतं. मी मात्र ओळखलं, की हा माणूस शोधायचा तर बाजारातच शोधला पाहिजे.

शिरूरकडच्या एका बैलबाजारात साध्या वेशातले हवालदार आप्पांना घेऊन फिरले. आप्पांनी त्याला ओळखलं, पण इशारा करायच्या आधी तो बैलजोडी कितीला देतोय ते ऐकायला थांबले. हवालदार त्यावर दोन दिवस धुसफुसत होते.

तो बैलांचा दलालच निघाला. ठाण्यात आणल्यावर चौकशीत त्याचं एकच पालुपद, आपण आप्पांना कधी पाहिलंच नाही. शेवटी मी दोघांसाठी चहा मागवला, बाजारभावावर गप्पा काढल्या, माझा टॉवेल टाकून त्याचा हात हातात घेतला आणि सहज विचारलं, "आप्पांचं कितीला तुटलं?" त्याने माझी चार बोटं दाबली. मग त्याच्या ध्यानात आलं. न्यायालयात अशा पुराव्याला किंमत नाही, पण गड्याचं अवसान तिथेच गळालं. पंचांसमक्ष त्याने कडब्याच्या गंजीतून बहुतेक रक्कम काढून दिली.

लोक विश्वास कसा ठेवतात, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "पहिल्यांदा म्या सरळ कमी भाव सांगायचो, तवा कुनी इस्वास ठेवीना. मंग उठून जायला लागलो. मानूस मला वढून बसवतो, आन् एकदा वढून बसवलं की म्या कोन हाय ते इचारत न्हाई."

लोभी माणूस फसतो, असं मी नोकरीभर समजत आलो होतो. पण आप्पा लोभी नव्हते. सौदा जिंकल्याच्या आनंदात ते समोरच्या माणसाकडे नीट बघायलाच विसरले. त्यानंतर मी फिर्यादीला किती पैसे गेले हे नंतर विचारायचो. आपण बाजी मारली असं तुम्हाला कधी वाटलं, हे आधी विचारायचो. गुन्हेगाराने डाव तिथेच टाकलेला असायचा.

आप्पांना हवालदारांसोबत कर कार्यालयात पाठवलं. तिथल्या अधिकारी बाईंनी हप्ते बांधून दिले आणि जप्ती थांबवली, पण करातला एक रुपयाही सोडला नाही. आकडा ऐकताच आप्पांचा टॉवेल सवयीने हातावर आला. बाई म्हणाल्या, "उकडतंय का? पंखा वाढवते." आप्पांनी टॉवेल परत खांद्यावर टाकला.

शेवटचा हप्ता भरल्यावर ते ठाण्यात आले. धाबा वाचला होता आणि गावाला सगळं कळूनही ते सोसायटीत निवडून आले होते. पेढे आणले होते, पण या वेळी पावशेरच. मी अभिनंदन केलं.

"समदे भरले सायेब," आप्पा म्हणाले. "पन खरं सांगू का? मजा न्हाई आली."