जनरेटरच्या कार्डावरच्या नऊ सह्या

रविवारी सकाळचे दहा वाजून गेले तरी भाऊजी आले नाहीत, तेव्हा बायकोने त्यांच्या वाटणीचा चहा झाकून ठेवला. सव्वादहाला ताईचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. म्हणाली, "तुझे भाऊजी गेले रे. मोजे घालत होते... तुझ्याकडेच निघाले होते." याला आता पाच आठवडे झाले. या दिवसांत भाऊजींविषयी लोक पुष्कळ चांगलं बोलले आणि ते सगळं खरं होतं. पण त्यांच्याविषयी एक खोटी गोष्टही आमच्या नात्यागोत्यात दोन वर्षं चालत आली. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मनोहर भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जबलपूरच्या संरक्षण कारखान्यात सारी नोकरी यंत्रांच्या देखभालीवर केली आणि निवृत्तीनंतर आमच्यापासून लांब, शहराच्या दुसऱ्या टोकाला रांझीला घर बांधून राहिले. बोलणं कमी, हात सतत कशात तरी गुंतलेले. आमच्या आईच्या फुप्फुसांनी जवळपास हार मानली आणि डॉक्टरांनी तिला घरीच ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, तेव्हा आम्ही सगळे मशीन कोणतं घ्यायचं याची चर्चा करत होतो. भाऊजींनी एकच प्रश्न विचारला, "लाइट गेली तर?" आमचा इन्व्हर्टर त्या मशीनवर दीड तासात मान टाकणार होता, आणि उन्हाळ्यातल्या आंधीत आमच्या भागातली वीज चार-चार तास जाते. आठ दिवसांत त्यांनी एक पेट्रोलवर चालणारा जनरेटर बघून आणला, स्वयंपाकघरामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याखाली बसवला. "धूर घरात जाता कामा नये," म्हणून त्याचं तोंड कोणत्या बाजूला करायचं यावर अर्धा दिवस घालवला. मग एक पुठ्ठ्याचं कार्ड आखून सुतळीने त्याच्या दांड्याला बांधलं. तारीख, वेळ, सही. कारखान्यात म्हणे प्रत्येक मशीनला असं कार्ड असतं.

"दर रविवारी दहा मिनिटं चालवायचा," त्यांनी मला शिकवलं. "रिकामा नाही, लोड देऊन. काही नाही तर इस्त्री लाव. मग पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि तो आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं. आत थेंब राहिला तर महिन्याभरात त्याची चिकी होते. अन् सही करायची. समजलं का, मॅनेजर साहेब?"

मी बँकेत अधिकारी आहे. माझ्या सहीवर लोकांची कामं होतात. पहिले काही रविवार मी इमानाने चालवला. मग एक रविवार लग्नात गेला, एक झोपेत, एक असाच. वीजही त्या हिवाळ्यात फारशी गेली नाही. भाऊजी फोनवर विचारायचे, "चालवून राहिला ना?" आणि मी म्हणायचो, "हो, भाऊजी." एकदा ते येणार असं कळलं, तेव्हा मी मागे गेलो, खिशातलं पेन काढलं आणि राहिलेल्या नऊ रविवारांपुढे उभ्या-उभ्या नऊ सह्या केल्या. त्या दिवशी ते काही आले नाहीत. सह्या मात्र राहिल्या... त्यानंतरचे रविवारही मी तसेच सोडले. कार्डावरच्या ओळी त्या नऊ सह्यांनीच संपल्या होत्या, कार्ड भरलेलं दिसत होतं.

नवतप्यातल्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या एका दुपारी आंधी आली, मागोमाग पाऊस. समोरच्या गल्लीतला कडुलिंब तारांवर पडला आणि वीज गेली. इन्व्हर्टर संपत आला तेव्हा मी जनरेटरची दोरी ओढली. काहीच नाही. वीस वेळा ओढली, तळहात सोलला, नुसता पेट्रोलचा शिळा वास येत राहिला. घरात एक छोटा सिलिंडर होता, तो आईला लावला. त्याचा काटा डोळ्यांदेखत खाली येत होता. रुग्णवाहिकेला फोन केला तर रस्त्यात झाडं पडली आहेत म्हणाले. मग भाऊजींना केला. "निघून राहिलो," एवढंच म्हणाले. त्यांची स्कूटर वाटेत अडकली. ती तिथेच सोडून, पाना-पकडीची पिशवी खांद्याला लावून ते पावसातून चालत आले. साठी उलटलेला माणूस, चष्म्यावर पाणी, धाप लागलेली. कोणाला काही न विचारता मागे गेले. कार्ब्युरेटर खोलला. आत पिवळा चिकट थर जमला होता. विजेच्या वायरमधली एक बारीक तार ओढून काढून त्यांनी त्याचं छिद्र साफ केलं. मी टॉर्च धरून उभा होतो, पण सारखा आईच्या खोलीकडे वळून बघत होतो. "धीर धर," ते म्हणाले, "मशीनला घाबरलेला माणूस आवडत नाही." तिसऱ्या ओढीला जनरेटर लागला. आतून बायको ओरडली, "मशीन चालू झालं!"

तेव्हा कुठे त्यांनी कार्ड हातात घेतलं. एकाच शाईतल्या, एकाच तिरकस वळणाच्या नऊ सह्या बघितल्या. माझ्याकडे बघितलं नाही. सुतळी सोडवली, कार्ड दुमडून शर्टाच्या खिशात घातलं आणि आत जाऊन आईसमोर उभे राहिले. "आई, चूक माझी झाली. मागल्या वेळी मीच कॉक उघडा सोडून गेलो होतो."

बाहेर आल्यावर मी काही बोलणार तोच ते हळू आवाजात म्हणाले, "त्यांना रोज तुझ्या भरवशावर झोपायचं आहे. माझ्यावर रागावल्या तरी चालतं. मी रांझीला राहतो."

आई रागावली नाही, पण तिने सोडलंही नाही. गणपतीत, साखरपुड्यात, घरी कोणी भेटायला आलं की तिचं सुरू व्हायचं. "हे आमचे जावई. फॅक्टरीत तोफांची मशीनं सांभाळत होते म्हणतात. त्या तोफा तरी उडाल्या का, देव जाणे! माझा जीव घेतला होता यांनी." लोक हसायचे. भाऊजीही हसायचे, "आई, आता तरी माफ करा." आणि... मीसुद्धा हसायचो.

त्या दिवसानंतर ते दर रविवारी दहाला यायला लागले. म्हणायला चहाला. जनरेटर लावायचे, लोड म्हणून इस्त्री जोडायचे आणि फुकट तापते म्हणून माझे आठवड्याचे शर्ट इस्त्री करून टाकायचे. नवीन कार्डावर सही त्यांचीच. मी एकदा म्हणालो, "भाऊजी, ते त्या दिवशीचं..." तर म्हणाले, "कॉलर नेहमी आधी करावी." दोन वर्षं मी त्यांच्या हातच्या कडक कॉलरी घालून बँकेत जात होतो.

तेरवी झाल्यावर एका संध्याकाळी आई म्हणाली, "सोन्यासारखा माणूस. एकदाच चुकले बिचारे, अन् मी शेवटपर्यंत बोलून राहिले." मग मात्र मला राहवेना. मी सगळं सांगितलं, सह्यांसकट. आईने नाकातली नळी काढून हातात धरली. महत्त्वाचं बोलायचं असलं की ती असं करते.

"अन् तू समोर बसून चहा पीत होतास?"

"हो."

"हसत पण होतास."

"हो."

मीच नळी परत लावली. मग ती म्हणाली, "इतक्या लोकांसमोर बोलले मी त्यांना. त्या सगळ्यांना आता कुठून गाठू? तू लिहितोस ना पेपरात कधीमधी? लिही." ताईला विचारलं. तिलाही भाऊजींनी कधी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "त्यांनी झाकलं ते आईसाठी. आईच म्हणते तर लिही."

आता रविवारी दहाला मी जनरेटर लावतो. इस्त्री जोडतो. शर्ट करतो, कॉलर आधी, तरी तिला चुण्या पडतातच. आवाज सुरू झाला की पलंगावरून आई विचारते, "लोड दिला का?" आणि मी हो म्हटल्यावरही बायकोला बघून यायला सांगते. माझ्या भरवशावर ती आता झोपत नाही, आणि ते बरोबरच आहे.

काल हा लेख तिला वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकला. शेवटी म्हणाली, "एवढं लांबण कशाला? एका ओळीचं काम आहे. ती ओळ सरळ लिही."

लिहितो. त्या दिवशी चूक मनोहर भाऊजींची नव्हती. माझी होती.