प्रतिस्पर्ध्याच्या घरचे अन्न

आमच्या मंदिरापुढे तो रोज सायकलवरून उतरे, पायरीला हात लावी आणि पुढे जाई. महाशिवरात्रीनंतरच्या सायकल शर्यतीत तो पहिला आला. दुसऱ्या आलेल्याने त्याच्यावर उत्तेजक गोळ्यांचा आरोप केला. पंचांनी ढाल रोखून धरली.

मित्र म्हणाले, "मंदिरातल्या थंडाईत भांग होती म्हन ना गा!"

"मी थंडाई पेलोच नाही, त देवाच्या प्रसादाले काहून बदनाम करू?"

त्याने फेरशर्यत मागितली. आदल्या दिवसापासून तो आरोप करणाऱ्याच्याच घरी राहिला आणि तिथलेच अन्न जेवला. शर्यत जिथून मागे वळते त्या कळमेश्वरहून पुन्हा पहिला परतल्यावर त्याने मागून आलेल्या यजमानाला शांतपणे विचारले, "वहिनीनं वरणात काय टाकलं होतं गा? मस्त जोर आला!"