‘आम्ही’च्या जागी ‘आपुन’

एका सर्वनामापायी माणूस पक्षाबाहेर जाऊ शकतो का, या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी हे लिहीत आहे. मी कर्जतच्या शाळेत मराठी शिकवीत असे, त्यामुळे प्रश्न व्याकरणाचा आहे अशी माझी समजूत होती. ती ज्यांनी बदलली, ते गृहस्थ बोलताना आधी पंजा छातीवर ठेवीत, मग तो समोरच्याकडे उघडीत आणि म्हणत, “आपुन म्हणा गुरुजी, आपुन.”

कर्जतहून घाट चढायचा तर गाडीला मागून ढकलणारे इंजिन लागते. त्याला बँकर म्हणतात. तो गाडीला जोडण्याचे काम या गृहस्थांकडे होते, म्हणून ते राहत त्या भिसेगावात सगळे त्यांना ‘बँकरवाले’ म्हणत.

स्वातंत्र्य नुकतेच आले होते. आम्ही दोघेही एकाच मोठ्या समाजवादी पक्षाचे सभासद होतो. त्याच पक्षात राहून काही मार्क्सवादी मंडळी मुंबईहून एक साप्ताहिक काढीत. पक्ष सोडायचा नाही, पण त्याला स्वस्थही बसू द्यायचे नाही, असा त्यांचा बाणा होता. कुळांविषयीचे ठराव कागदावर राहतात, ते शेतावर न्या, असे प्रत्येक अंकात छापलेले असे. कर्जत-खालापूर भागात तो अंक बँकरवाले वाटीत. ज्यांना वाचता येत नसे त्यांना खळ्यावर बसून वाचून दाखवीत.

एकदा मीही ऐकायला गेलो. अंक माझ्याही हाती होता. त्यात छापले होते, ‘कुळांना दिलेले वचन पक्ष विसरला आहे, असे आम्ही बजावतो.’ बँकरवाल्यांनी मोठ्याने वाचले, “कुळांना दिलेलं वचन आपुन इसरलो, असं आपुन आपल्यालाच बजावतो.”

मी नंतर हळूच म्हटले, “अहो, तिथे ‘पक्ष’ आहे. ‘आम्ही’ आहे.”

“हाय ना. पण ‘आमी’ म्हटलं की ही माणसं बाहेर राहतात, गुरुजी. दुसऱ्याला बोल लावला की आपुन मोकळे. आपल्याला लावला की उठावं लागतं.”

‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो, हे मी वर्गात फळ्यावर लिहून देत असे. तो नियम चालताना मात्र मी त्या भातखळ्यावर पाहिला. मळणीनंतर मालकाचा हिस्सा मोजताना पूर्वी एकटे कूळ कारकुनासमोर उभे राही. त्या हंगामात सारी वाडी उभी राहू लागली. कोणी घोषणा दिली नाही. नुसती उभी राहिली.

पुढे पक्षाचे जिल्हा चिटणीस खालापूरला सभेस आले. साप्ताहिक म्हणजे पक्षात दुसरा पक्ष, असा आरोप होता. वाटणाऱ्याने एक तर अंक सोडावा, नाही तर पक्ष. बँकरवाल्यांना ही निवड सोपी नव्हती. स्वातंत्र्यचळवळीच्या दिवसांत याच पक्षाच्या भूमिगतांना त्यांनी नोकरी पणाला लावून घरात ठेवले होते.

चिटणिसांनी अंक उंच धरून तेच वाक्य वाचले. “असे आम्ही बजावतो! हे ‘आम्ही’ कोण? बाहेरचेच ना?”

मांडवातून एक म्हातारी ओरडली, “अरं सायबा, चष्मा पूस जरा! तिथं ‘आपुन’ हाय. आमी खळ्यावर ऐकलंय. बँकरवाले खोटं वाचत नाय.”

मांडव हसला. चिटणीसही घोटाळले आणि बँकरवाल्यांकडे वळले. “काय हो, निराळा छापलेला अंक आहे का तुमच्याकडे? असेल तर वाद इथेच मिटेल.”

बँकरवाले नुसते गप्प राहिले असते तरी वाचले असते. ते उठले. पंजा छातीवर गेला.

“साहेबांचं बरोबर हाय. छापलंय ‘आमी’च. ‘आपुन’ मी वाचलं. पेपरवालेबी माझ्यावर चिडलेत त्यापायी.”

“म्हणजे तुम्ही कुणाचंच ऐकत नाही! मग अंक सोडा.”

“पेपर सोडणार नाय, पक्षबी सोडणार नाय. बँकर मागून लागतो साहेब, म्हणून काय तो दुसऱ्या गाडीचा होतो?”

त्यांचे नाव पक्षातून कमी झाले. मांडवाबाहेर त्यांनी म्हातारीला गाठले. “मावशे, खोटं वाचत नाय म्हणालीस. वाचलं गं मी.”

म्हातारीने त्यांच्याकडे नीट पाहिले. “मग आता खरं कर रं.”

पुढच्या सभेला ते आले आणि मांडवाबाहेर दगडावर बसले. आत येण्याचा हक्क उरला नव्हता. चिटणिसांनी कुळांचा ठराव वाचायला घेतला, “आम्ही ठरवतो की...”

“आपुन!” मांडवातून आवाज आला. मग दुसरा, मग अनेक.

चिटणीस थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “आपण ठरवतो की...”

मी बाहेर पाहिले. छातीवरचा तो पंजा सावकाश मांडवाकडे उघडत होता.

थोड्याच दिवसांत त्यांची घाटावर बदली झाली. ज्या गाडीने ते गेले, तिला मागून लावलेला बँकर घाट चढवून परत खाली आला. ते पुन्हा कर्जतला आले नाहीत.

माझ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. त्याच सर्वनामाने बाहेरची माणसे आत येतात का, ते माझ्या शब्दावर मानू नका. तुमच्या घरी येणारे कोणतेही वर्तमानपत्र घ्या, त्यातले एक रागाचे वाक्य चार माणसांत एकदा ‘आम्ही’ म्हणून वाचा, एकदा ‘आपण’ म्हणून, आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे स्वतः पाहा.