लाल पाणी आपल्याच शाळेचं होतं

१. आज सकाळी कळव्यातल्या आपल्या शाळेत सातवीच्या वर्गाला ओढा कसा जपायचा, ते शिकवायला गेले होते.
२. सांडपाणी कुठे जातं हे दाखवायला मुलींच्या स्वच्छतागृहात खाण्याचा लाल रंग ओतला. शाळेच्या नकाशाप्रमाणे तो महापालिकेच्या गटारवाहिनीत जायला हवा होता.
३. सहा मिनिटांनी लाल पाणी शाळेमागच्या ओढ्यात आलं.

"ताई, आला! हा तर आपलाच माल!" वर्ग हसत सुटला. मानसीने मात्र वेळेसकट वहीत नोंद केली.

मुख्याध्यापिका बाईंनी ती वाचली. "अगं, हे कशाला? पाणी वाचवा, एवढंच लिही."

"पण बाई, आम्ही बघितलं ना!" असं म्हणून मानसीने माझ्याकडे पाहिलं. मी "हो, बघितलं" म्हणेपर्यंत बाईंनी ते पान वहीतून फाडून घेतलं होतं.

नंतर ऑफिसात चहा पुढे करत बाई म्हणाल्या, "तू आपलीच मुलगी. शाळेचं नाव घालवशील का?"

या ग्रुपमधले आपण सगळे याच शाळेचे. मागच्या भिंतीवर "ओढा वाचवा" आपल्याच बॅचने रंगवलं होतं. लाल पाणी ओढ्यात सोडणारा पाइप त्याच भिंतीतून बाहेर पडतो. आपल्यापैकी कुणी पलीकडे वाकून बघितलं नाही, मीही नाही. मानसीने बघितलं, तर तिचं पान फाडलं.

बाई, तुम्हीही या ग्रुपमध्ये आहात. पाइप गटारवाहिनीला कधी जोडणार आणि मानसीचं पान तिला कधी परत देणार, हे शुक्रवारपर्यंत इथेच लिहा.