हात जोडून देणाऱ्या सुनंदा मॅडम

सुनंदा मॅडम साठ वर्षांच्या झाल्या, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. परवाच त्यांनी मला एका ढिल्या तारेवरून झापलं, आणि साठीची माणसं इतक्या जोमानं झापत नाहीत. तरी गौरवग्रंथ निघतो आहे, पहिल्या भेटीबद्दल लिही असा मंडळींचा आग्रह आहे, म्हणून लिहायला बसले.

लातूरकर रेल्वेनं आलेलं पाणी पीत होते, ते वर्ष. माझे बाबा कंधार तालुक्यातल्या आमच्या गावचे निवृत्त गुरुजी. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला होता. बोलणं शाबूत होतं, चालणं जेमतेम. पण त्यांनी ओट्यावर बसणंच सोडलं. रस्त्यानं जाणारा-येणारा ‘जय भीम गुरुजी’ म्हणायचा, आणि बाबांना दोन्ही हात जोडून उत्तर द्यायची जन्माची सवय. एकटा डावा हात छातीशी नेताना ते ओशाळायचे. “अर्धा जय भीम कुणाला घालू?” म्हणाले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले, ते बसलेच. मी तेव्हा किनवटला आश्रमशाळेच्या वसतिगृहात परिचारिका होते. सुट्टीत घरी आले की त्या खोलीकडे बघून जीव तुटायचा.

लातूरला एका दवाखान्यामागच्या शेडमध्ये कुणी बाई लुळ्या हाताला बांधायचा मोटरवाला कॅलिपर बनवतात, असं कळलं. बाबांना जवळजवळ ओढतच एसटीनं नेलं. मॅडमनी समजावून सांगितलं, हात उचलण्याइतकं बळ स्नायूत नसलं तरी हलायचं मनात आलं की त्यात थोडी वीज खेळते. कातडीवर टिकल्या चिकटवून ती टिपायची, की पडद्यावरची रेघ उसळते, आणि तो इशारा मिळाला की मोटर कोपर वाकवते. “हात तुमचाच, हुकूम तुमचाच. मोटर नुसती गडी,” त्या बाबांना म्हणाल्या.

टिकल्या लावण्याआधी कातडी ओल्या कापसानं पुसावी लागते. शेडमधला नळ कोरडा होता. मॅडमनी पर्समधली स्वतःच्या पिण्याची बाटली काढली. मी नको म्हणाले, तर मलाच दटावलं, “मी पिणार ते तुझ्या बाबांच्या हाताला पाजते, तुझं काय जातं?”

बाबांनी कोपर वाकवायचा खूप प्रयत्न केला. कपाळाला घाम आला, पण पडद्यावरची रेघ सरळच्या सरळ. तयार कॅलिपर तेव्हा एकच होता, आणि ज्याच्या हातात इशारा सापडेल त्यालाच तो मिळणार होता. “चल बाई,” बाबा मला म्हणाले, “हाय ते हाय.” मी पिशवी उचलली.

तेवढ्यात दवाखान्याच्या टँकरचा ड्रायव्हर दारात आला. बाबांचा जुना विद्यार्थी निघाला. “जय भीम गुरुजी! तुमी इकडं कुठं?” बाबांचा डावा हात छातीशी गेला, उजवा मांडीवरच राहिला. मला एवढंच दिसलं. मॅडमना मात्र रेघ उसळलेली दिसली. आनंद झाला की त्यांच्या तोंडून निलंग्याकडचं कानडी निघतं. “हौदु, हौदु! होय, होय! अहो, परत म्हणा!”

मग जी धमाल झाली ती आठवून आजही हसू येतं. मॅडम स्वतः पुढे झाल्या, “जय भीम गुरुजी.” रेघ उसळली. सफाईवाल्या मावशी आल्या, पट्टे शिवणारे चाचा आले, ज्यांच्या घरात कधी जय भीम घातला गेला नव्हता तेही आले. शेडमधला इलेक्ट्रिशियन पडद्याकडे डोळे लावूनच म्हणाला, तेव्हा काहीच हललं नाही. बाबा त्याला म्हणाले, “लेकरा, तू मशीनला म्हणून राहिला. मला म्हण की.” तो बिचारा खाली बघायला लागला, मग बाबांच्या समोर येऊन नीट म्हणाला. तोवर मॅडमनी कॅलिपर बाबांच्या हातावर चढवून मोटर चालू केली होती. उजवा हात घरघरत वर आला आणि डाव्याला जाऊन मिळाला. बाबा कितीतरी वेळ नुसते त्या जोडलेल्या हातांकडे बघत होते. मी हुंदके देऊन रडले. “रडू नका, टिकल्या सुटतात,” असं सगळ्यांनाच दटावत मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

‘वाकव’ असा हुकूम सोडला की स्नायू बिचकतो आणि सवयीनं मात्र आपसूक हलतो, हे मॅडम आईच्या हातावरून शिकल्या होत्या. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात त्यांच्या आईंचं मनगट खडी फोडून कामातून गेलं. पुढे लातूर जिल्हा झाला, नवी कार्यालयं उघडली आणि मॅडमच्या बरोबरीची मुलं पटापट सरकारी खुर्चीत बसली. मॅडम हट्टानं कॅलिपर बनवायला गेल्या. घरचे वर्षभर नीट बोलले नाहीत, असं त्या हसत सांगतात.

आम्ही काही महिने लातूरला खोली घेऊन राहिलो. मी नोकरी सोडून शेडमध्येच लागले. बाबांचा हात फक्त उत्तराला उठायचा. चहाचा कप, सदऱ्याचं बटण, कशालाच दाद द्यायचा नाही. आम्हा सगळ्यांवर खेकसणाऱ्या मॅडम त्यांच्यावर एकदाही चिडल्या नाहीत. सकाळी पर्स खांद्यावरून काढायच्या आधी त्या बाबांपुढे येऊन जय भीम घालत आणि हात जुळेपर्यंत थांबत. त्या दिवसांतलं शेड फार आठवतं. आता नवी इमारत आहे, नळाला पाणी आहे, पण सकाळी तशी कुणाची वाट बघणं राहिलं नाही.

कॅलिपर घालून बाबांना गावी नेलं. फाट्यावर उतरलो तेव्हा त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ पाठमोरे बसून तंबाखू मळत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं नव्हतं, कुणीच काही म्हटलं नव्हतं. मागून मोटरची घरघर ऐकू आली म्हणून मी वळले. बाबांचे दोन्ही हात जुळले होते. “जय भीम, पाटील,” बाबा म्हणाले. या वेळी बाबांनीच आधी म्हटलं होतं.

हे मॅडमना फोनवर सांगितलं, तर “हौदु, हौदु!” करत त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मॅडम, गप्प बसायची तुम्हाला सवय नाही आणि आम्हालाही ते सोसणार नाही. खूप जगा, ठणठणीत राहा, आम्हाला झापत राहा. बाबा आता दिवसभर ओट्यावर असतात. लेख वाचून दाखवला तर म्हणाले, “बाईला सांग, मी वयानं मोठा हाय, पर तुमाला हात मीच आधी जोडून राहिलो.”