बिडाचं कोरडं काम

इकडे गुजरातेत कारखान्यात शिरताना आंबलेल्या कूलंटचा वास आला, की बारामतीचं वर्कशॉप आठवतं. दहावीत शाळा सोडून मी बावड्याहून तिथं लेथवर लागलो होतो. लोखंड कापताना गार राहावं म्हणून सोडतात त्या कूलंटच्या पांढऱ्या पाण्यानं महिन्याभरात बोटांवर पुरळ उठलं, भेगा पडल्या. कळलं तर घरी पाठवतील, या धास्तीनं मी हात लपवायचो आणि काम सुटलं की रॉकेलनं चोळून धुवायचो. तिखट आमटी भेगांना झोंबायला लागली, तेव्हा भाकरीसुद्धा चमच्यानं खाऊ लागलो. शेजारच्या मशीनवरचे चाचा हसले, "काय रं, सायब झालास व्हय?" मग त्यांनी माझा हात उलटा करून बघितला. "रॉकेलनं धुतोस? आरं, त्यानंच कातडी सोलतीया." कुणाला काही न सांगता त्यांनी माझी भाकरी आमटीत कुस्करून दिली. जेवण झाल्यावर म्हणाले, "माझ्या मशीनवर बिडाचं, वतीव लोखंडाचं काम हाय, कोरडं. तितं कूलंट लागत न्हाय. उद्यापासनं तू तितं उभा ऱ्हा, मी तुझ्या मशीनवर." "आन् तुमचं हात?" "माझी कातडी म्हशीची हाय." माझ्या हाताच्या भेगा भरून आल्या, नोकरीही टिकली. दोन वर्षं मी त्यांच्या जागेवर उभा राहिलो, पण एकदाही त्यांचा हात उलटा करून बघितला नाही.