जेवणाच्या खोलीतला रेडिओ

तो रेडिओ जॉबरनं, खात्याच्या मुकादमानं आणला. बायकांच्या जेवणाच्या खोलीत, खिडकीत ठेवला आणि म्हणाला, "ऐका बायांनो गाणी. तुम्ही पण काय लक्षात ठेवाल."

तेव्हाच समजायला पाहिजे होतं. बाई पाणी प्यायला उठली तरी जो घड्याळ बघायचा, तो गाणी कशाला ऐकवील?

आम्ही नवरा-बायको एकाच गिरणीत. मी कापड विणायच्या साच्यावर, ती वाइंडिंगला. वाइंडिंग म्हणजे बॉबिनीवर सूत भरायचं खातं, तिथं सगळ्या बायकाच. आणीबाणीचा काळ होता. संप हा शब्द काढायची चोरी. बोलणं कमी, काम जास्त, असल्या पाट्या जिकडंतिकडं.

रेडिओ थोडे दिवस वाजला, मग गप्प झाला. जॉबर म्हणाला, सेल संपलेत, आणतो. बायका हसल्या. "ह्याचे सेल काय ह्या जन्मात येत न्हाईत." रेडिओ तसाच खिडकीत राहिला. कुणी त्याच्यावर जेवणाचा डबा ठेवायची, कुणी ओला पदर वाळत टाकायची. त्याच्या पोटात टेप आहे हे आज शेंबडं पोर सांगेल. आम्हाला रेडिओ म्हणजे बोलणारी वस्तू. ऐकणारा रेडिओ असतो हे कुणाच्या बापाला ठाऊक होतं?

खोलीला लागून पाळणाघर. एक तेलुगू पोरगी नुकतीच बाळंतपण उरकून कामावर आली होती. बाळ भिंतीपलीकडं रडायचं, पण भोंगा झाल्याशिवाय जॉबर तिला पाजायला सोडायचा नाही. कायद्यानं सोडायला पाहिजे होतं म्हणतात. त्या दिवशी तिची चोळी दुधानं भिजली. मशीनवर, सगळ्यांदेखत जॉबर म्हणाला, "काय गं, डेअरी उघडली का?"

जेवायच्या सुट्टीत ती भाकरीवर रडायला लागली. "अक्का, लेकरू रडून रडून निळं पडतंय. काय करू मी?"

आमच्या हिला ती अक्का म्हणायची. ही म्हणाली, "काय करू म्हंजे? उद्या एकीनं मशीनला हात लावायचा न्हाय. आन् तो आला की त्याच्या तोंडात बॉबिन कोंबते. मग बघू कसा बोलतोय."

"मोठी कोंब अक्का, तोंड लई मोठं हाय त्याचं."

सगळ्या हसल्या, शेंगाचटणी वाटून घेतली, भोंगा झाला तशा कामाला गेल्या. दुसऱ्या दिवशी एकूण एक बाई वेळेवर मशीनवर. हीसुद्धा. संध्याकाळी घरी मला हे सगळं हसत हसत सांगितलं होतं तिनं.

आठवडाभरात तिला गेटवर अडवलं आणि हातात चार्जशीट दिली. बेकायदा संपाची चिथावणी आणि वरिष्ठाला मारण्याची धमकी. चौकशीला सोबत एखाद्या कामगाराला न्यायची मुभा असते, म्हणून मी गेलो. युनियनचा पुढारी आदल्या दिवशी घरी आला. म्हणाला, "वहिनी, आवाज माझा नाही म्हणायचं. बास."

ही म्हणाली, "खोटं कशाला बोलू? बोलले ते बोलले."

खरं सांगायचं ठरवून गेली होती ती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं सगळ्यांनी तिला खोटारडी म्हटलं.

चौकशीच्या खोलीत टेबलावर तोच रेडिओ. गिरणीच्या साहेबानं बटण दाबलं. बाईचा आवाज आला. मी पहिल्या शब्दाला ओळखला. तिनं मात्र इकडं तिकडं बघितलं.

"ही कोण बाई?"

जॉबर फिस्सकन हसला. साहेब म्हणाला, "तुम्हीच की."

"न्हाय ओ. माझा आवाज असा पत्र्यावानी न्हाय."

सोंग नव्हतं ते. जन्मात तिनं स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला नव्हता. ऐकणार तरी कुठं? पहिल्यांदा टेपात ऐकला की कुणालाच ओळखू येत नाही, हे मला लई वर्षांनी कळलं. मग बॉबिनीचं वाक्य आलं आणि तिचा चेहरा उतरला.

"शब्द माझे हायत साहेब. आवाज माझा न्हाय."

साहेबानं कारकुनाला सांगितलं, लिहा, बाई आवाज नाकारते.

"आन् ती पोरगी रडत हुती ते कुटं हाय ह्यात? ह्यानं दुधावरनं काय म्हटलं ते?"

"ते टेपात नाही."

कसं असेल? जॉबर बोलला मशीनवर, तिथं रेडिओ नव्हता. पोरगी रडली हळू. आणि बायका हसल्या त्याच्या आधीच टेप तोडलेली. यंत्र त्यांचं, बटण त्यांचं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, बायका जेवतात तितं चोरून ऐकायचा हक्क तुमाला कुणी दिला?"

"खोली गिरणीची आहे."

"आन् बोलणं? ते बी गिरणीचंच का?"

"विषयाला धरून बोला," साहेब म्हणाला.

पोरगीला साक्षीला बोलावलं. "मला मराठी समजत नाही, काय बोलल्या कळलं नाही," असं ती चांगल्या मराठीत म्हणाली. बाहेर नळाजवळ हिच्या पायावर पडली. हिनं तिला उठवलं. "ऊठ. तुझं लेकरू हाय त्या पाळण्यात. माझं कोण हाय?" आम्हाला मूल नव्हतं.

नोकरी गेली. सरकारी कामगार ऑफिसात गेलो. तिथला माणूस भला होता, चहा दिला. मी विचारलं, चोरून टेप करणं गुन्हा नाही का? म्हणाला, "कायद्यात असं कुठं लिहिलेलं माझ्या तरी बघण्यात नाही. त्या बोलल्या का?" बोलली. "मग अवघड आहे." युनियन म्हणाली, आणीबाणी उठू दे. उठली. मग युनियनला दुसरी कामं निघाली. कोर्टात तारखांवर तारखा पडल्या आणि शेवटी निकाल आला: बाई स्वतःचा आवाज नाकारते, हिच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

ती शुक्रवार पेठेतल्या आमच्या खोलीत विड्या वळायला लागली. पण तिनं त्यातून एक गोष्ट धरली. जी हळू रडली तिची नोकरी राहिली, जी मोठ्यानं बोलली तिची गेली. त्यानंतर ती घरातसुद्धा दबक्या आवाजात बोलायची. आधी दार लावायची. शेजारी टीव्ही आला तर म्हणाली, "बंद असला म्हणून काय झालं." मी खेकसायचो, "अगं मोठ्यानं बोल की! कोण बसलंय हितं?" ती नुसती दाराकडं बघायची.

माझे कान साच्यांनी खाल्ले. दरवर्षी थोडे थोडे. ती आवाज चढवीना, मला ऐकू येईना. शेवटी आमचा संसार "काय?" आणि "काय न्हाय" एवढ्यावर चालला.

मागच्या थंडीत ती सरकारी दवाखान्यात होती. एका दुपारी ओठ हलले. मी कान तिच्या तोंडाशी नेला. वाफ लागली, शब्द कळला नाही. म्हटलं, "मोठ्यानं बोल." तिनं शेजारच्या खाटेकडं बघितलं आणि तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

सामान आवरताना त्या खाटेवरच्या बाईला मी विचारलं, काल ही काय म्हणाली, तुम्हाला ऐकू आलं का?

"न्हाय ओ बाबा," ती म्हणाली. "नवरा-बायकोचं बोलणं मी कशाला ऐकू?"